खेळ भरलेली कॅसेट

पाचूबंदरचा व्हिन्सेंट एके काळी गावच्या टीमकडून डाव्या बगलेवर खेळायचा आणि समोरच्यांना घाम फोडायचा. पुढे गुडघा गेला. फुटबॉल सुटला, मग होडीही सुटली. घरी बसलेला कोळी म्हणजे घरच्यांच्या डोक्याला ताप! म्हणून एकुलत्या एक मुलाने, फर्डिनंडने, मोठ्या बोटीवर नोकरीला लागल्यावर परदेशातल्या जुन्या बाजारातून बापासाठी रबरी बटणांचा एक कॉम्प्युटर आणला. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरला जोडायचा आणि खेळाची कॅसेट लावायची. कॅसेट किंचाळायची, शेजारची कुत्री भुंकायची, आणि थोड्या वेळाने व्हिन्सेंट इंग्लंडातल्या चौथ्या डिव्हिजनच्या एका भिकार टीमचा मॅनेजर व्हायचा. खेळाडू घ्यायचे, विकायचे, लंगडणाऱ्याला बाकावर बसवायचं, आणि मॅच सुरू झाली की नुसते हात चोळत बघायचं. लाथ मारायची सोय नव्हती. तरी म्हातारा खूश होता. पथ्य एकच, वीज जायच्या आत खेळ कोऱ्या कॅसेटवर भरून ठेवायचा, नाहीतर सगळा सीझन पाण्यात.

फर्डिनंडला पत्र लिहायचा भारी कंटाळा. तो कॅसेटवर बोलून धाडायचा. सुरुवातीला दोन मिनिटं आईशी, कारण त्याहून जास्त बोललं की त्याला बोट सोडून घरी यावंसं वाटायचं, आणि उरलेली सगळी बाजू बापाशी फुटबॉल. घरच्यांनी ऐकायचं आणि त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरून परत पाठवायचं. बोटीवर मुलगा असलेल्या बहुतेक घरांची हीच रीत होती. नवी कॅसेट कशाला फुकट घालवायची?

त्यामुळे ब्याण्णव साली फर्डिनंड भर समुद्रात बोटीवरून पडला आणि सापडलाच नाही, तेव्हा घरात त्याचा आवाज असा एकाच कॅसेटवर उरला. तिचं उत्तर भरायचं राहिलं होतं, म्हणून ती वाचली. पुसली जाऊ नये म्हणून मागची प्लॅस्टिकची पट्टी तोडून टाकू, असं व्हिन्सेंट म्हणाला होता. त्याच्या बायकोने, ग्रेसीने, तोडू दिली नाही. पट्टी तोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, म्हणजे मुलाला उत्तर जायचं नाही, हे तिला कबूल करायचं नव्हतं. ती दर रविवारी चर्चमधली मिसा झाली की कॅसेट ऐकायची आणि पुढच्या वेळेसाठी पार सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळून ठेवायची.

मृतांच्या दिवशी सगळं गाव कबरस्तानात जातं, आपापल्या कबरी फुलांनी सजवतं, मेणबत्त्या लावतं. ग्रेसीला कबर नव्हती. तिने सकाळी कॅसेट ऐकली, गुंडाळली आणि मोठ्या क्रुसापाशी मेणबत्ती लावायला निघून गेली. व्हिन्सेंट गेला नाही. कबरस्तानात कुठे उभं राहायचं हेच त्याला कळत नसे. पहाटेच कॅसेट लावून सुरू केलेला खेळ तो पुढे खेळत बसला.

त्या दिवशी नेमकी त्याची टीम जिंकली आणि तिसऱ्या डिव्हिजनमध्ये चढली. एवढ्यात बल्ब पिवळा पडला. वीज जाणार! व्हिन्सेंटने घाईने रेकॉर्डचं बटण दाबलं. खात्रीसाठी त्याने खेळ दोनदा भरला, कारण फर्डिनंडनेच त्याला तसं शिकवलं होतं. मग झाकण उघडलं, आणि हातात आली ती ग्रेसीची कॅसेट.

ग्रेसी आली तेव्हा तो टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसला होता. काही लपवावं एवढीही ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"ग्रेसे, तुझ्या कॅसेटवर माझा खेळ भरला मी. चुकून."

ती उभीच राहिली. मग म्हणाली, "लाव."

त्याने लावली. खेळाचा तो कर्कश चित्कार सुरू झाला. संपला, पुन्हा सुरू झाला. आणि तो थांबला तसा फर्डिनंड बोलला, अगदी स्वच्छ, शेजारच्या खोलीतून बोलावं तसा.

"...आन बाबा, त्या डाव्या बगलेवाल्याला विकू नको हां! माझं ऐक."

मग तो हसला. पुढे बोलतच राहिला, कोणाला घ्यावं, कोणाला काढावं. बापासाठी बोललेला एक शब्दही पुसला गेला नव्हता. ग्रेसी भिंतीला टेकून खाली बसली आणि बाजू संपेपर्यंत ऐकत राहिली. न जाणो, मध्येच तो एकदा आये म्हणेल. तो म्हणाला नाही.

कॅसेट खटकन थांबली. व्हिन्सेंटला वाटलं, आता ही शिव्या देईल, काहीतरी फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ती सरकत त्याच्याजवळ आली आणि डोळे मिटून बसली.

"त्याचा आवाज तुझ्यावरच गेला व्हता," ती म्हणाली. "माझ्याशी बोलला तेवढं तू बोल. मी आयकते."

व्हिन्सेंटने तोंड उघडलं. दर रविवारी ती दोन मिनिटं तो अंगणात बिडी ओढत उभा असे, आणि फुटबॉल सुरू झाला की आत येई. त्यातला एक शब्दही त्याने कधी ऐकला नव्हता.