एका गाजराचे वाटे

सूनबाईने घोडीचा जबडा खांद्यावर तोलून धरला आणि डॉक्टरांनी गळूवर पातं टेकवलं. पू उसळला तो थेट तिच्या बाहीवर. एरवी एवढ्यावरून तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिने फक्त बाटली पुढे केली. तपासणीला नमुना हवा होता.

जबड्याखालचं गळू फुटलं, पण घशातलं दुसरं आत दबा धरून बसलं होतं. घोडीचा श्वास अडकत, शीळ घालत येत होता. अखेर डॉक्टरांनी तिच्या मानेला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली. पागेच्या लाडक्या ‘बाईसाहेब’ आता नळीतून जगत होत्या. सासरे दारात उभे होते. आयुष्यभर घोड्यांना हुकूम सोडलेला माणूस आज नुसता त्या नळीकडे बघत होता.

रांगेतल्या बाकी घोड्यांच्याही जबड्याखाली लिंबाएवढ्या गाठी आल्या होत्या. रपेट शिकायला येणाऱ्या मुलांना पाठवणं आईबापांनी केव्हाच बंद केलं होतं. ठणठणीत होता तो एकटा ‘हेडमास्तर’. पागेतला सर्वांत खडूस घोडा. देवाघरचा न्याय म्हणायचा तर हाच.

तपासणीचा निकाल घेऊन डॉक्टर पुन्हा आले तेव्हा घोडीने चारा सोडला होता. ते म्हणाले, घोड्याच्या अंगात पू करणारे जंतू तऱ्हेतऱ्हेचे. काही जखमेतून शिरतात, एक माश्यांवर बसून येतो आणि छाती सुजवतो. हा मात्र स्ट्रेप्टोकॉकस. एकाच्या नाकातोंडातून दुसऱ्याच्या नाकातोंडात जाणारा.

सूनबाईला ते लागलं. बादल्या वेगळ्या, स्पंज वेगळे, लगामसुद्धा ज्याचा त्याला. या शिस्तीपायी घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार तिला पाठीमागे ‘तपासनाका’ म्हणत, आणि ते तिला ठाऊकही होतं.

“मग तो एक कसा सुटला?” डॉक्टरांनी हेडमास्तरकडे मान उडवली.

“त्याचं कुणाशी पटतच नाही. बाबांचा अंगठा चावला, तेव्हापासून बाबा त्याला गाजर...”

ती तिथेच थांबली.

रोज सकाळी सासरे एकच गाजर घेऊन रांगेतून फिरत. प्रत्येकाला एक घास, त्याच गाजराचा, त्याच तळहातावरून. घोड्यांत मत्सर फार, वेगवेगळी गाजरं दिली तर लहानमोठं होतं, असं त्यांचं म्हणणं. मग खांद्यावरच्या पंच्याने प्रत्येकाचं नाक पुसायचं, लेकरासारखं. त्या फेरीवरच त्यांचा दिवस उभा असे. बायको गेल्यावर जेवण चुकलं, झोप चुकली, फेरी चुकली नव्हती.

“डॉक्टर, बाबांनी विचारलं तर माशी सांगा.”

“वहिनी, माशीवाला जंतू वेगळा.”

“त्यांना काय कळतंय त्यातलं?”

“माझं काही जात नाही, माशी अब्रूनुकसानीचा दावा लावत नाही,” डॉक्टर पिशवी आवरत म्हणाले. “पण तो हात आजच थांबला पाहिजे. आणि बाईसाहेबांचं मी काही सांगू शकत नाही.”

हात कसा थांबवायचा, ते त्यांनी सांगितलं नाही. ते औषधांच्या दुकानात मिळण्यासारखं नव्हतं.

सासऱ्यांनी विचारलंच. तिने माशी सांगितली. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली, अगदी टोकापर्यंत.

“हेडमास्तरांना माश्या बसत नाहीत वाटतं?”

“लाथा झाडतो ना तो, बाबा.”

“तेही खरंच,” ते म्हणाले.

दुपारी ते नळावर दिसले. खुरं घासायच्या ब्रशने हात घासत होते, कोपरापर्यंत. कातडी लाल झाली तरी थांबेनात. पंचा त्यांनी चुलीत घातला. मग घोडीच्या ठाणात जाऊन उपड्या बादलीवर बसले. तिच्या नळीतून वारा येत होता, जात होता. हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते.

“सूनबाई, बाहेरून कडी लाव.”

“कशाला, बाबा?”

“सकाळ झाली की माझे पाय मला न विचारता रांगेला लागतात.”

तिने कडी लावली.

आतून त्यांनी दार एकदा ओढून पाहिलं.