दारातून परत गेलेले सर

बारावीचा निकाल लागला की आपल्या सोसायट्यांत एकच चौकशी चालते, इंजिनिअरिंग की मेडिकल? तिसरं काही सांगितलं की समोरचा असा चेहरा करतो, जणू घरात कुणी आजारी आहे! जुईनगरच्या कासिमभाईंना हा चेहरा बघायचा नव्हता. न्हावा शेवा बंदरात कस्टमची कामं करून देणारा हा एजंट, चारचौघांत मान असलेला माणूस. मुलगी नबीला हट्टाने फिजिक्स घेऊन बी.एस्सी.ला गेली, तेव्हा त्यांनी सोसायटीत बिनदिक्कत सांगून टाकलं, "इंजिनिअरिंगला आहे." घरातही दम भरला की कुणी विचारलं तर हेच सांगायचं.

दोन वर्षं नबीला जिन्यातून मान खाली घालून चढली-उतरली.

मे महिन्यात ती आई खदीजाबरोबर आजोळी श्रीवर्धनला गेली होती. घरी सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब चहाला बसले होते. बेल वाजली. दारात नबीलाचे प्राध्यापक म्हात्रे सर, तळवलीहून स्कूटरवर आलेले, घामाने निथळत.

"नबीला हाय का घरी? तिचा फोन लागत नाय. फिजिक्सच्या उन्हाळी वर्गाला तिची निवड झालीय, पुण्याला. मोठे शास्त्रज्ञ शिकवणार. उद्या सकाळपर्यंत होकार कळवायचाय!"

रावसाहेबांनी कप खाली ठेवला. कासिमभाई घाईने दारात आडवे झाले.

"तुमची कायतरी गफलत झाली, साहेब. आमची मुलगी इंजिनिअरिंगला आहे." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

नबीलाला हे कळलं ते कॉलेज उघडल्यावर, सरांकडून. घरी येऊन ती भांडली नाही, रडली नाही. पुस्तकं मात्र तिने माळ्यावर टाकली.

"मला नाही शिकायचं, अम्मी," ती म्हणाली.

"झालं तुमच्या मनासारखं?" खदीजा नवऱ्यावर कडाडली. "लोकांना काय वाटेल, लोकांना काय वाटेल! पोरीला काय वाटलं ते एकदा तरी विचारलंत?"

कासिमभाई तळवलीला सरांच्या घरी गेले. माफी मागितली. पण मनातला प्रश्न विचारल्यावाचून राहवेना. "सर, खरं सांगा, फिजिक्स शिकून पोरगी करणार काय?"

"माझी एक विद्यार्थिनी वेधशाळेत हाय. एकजण कॅन्सरच्या हॉस्पिटलात किरणांची मात्रा ठरवतो. कुणी कॉम्प्युटरकडे वळलं, एक तर बँकेत साहेब झाला. सतराव्या वर्षी कुणाला कळतं हो, पुढे काय आवडेल ते? ही पोरं विचार करायला शिकतात, मग वाट बदलता येते. पण कासिमभाई, नोकरी लागेल म्हणूनच तिला मान देणार असाल, तर राहू द्या. तिला ते आवडतं, हे पुरं नाही?"

"आणि पुण्याची ती जागा?"

"ती गेली. दुसऱ्याला दिली."

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर गुणवंतांचा सत्कार होता. रावसाहेब माइकवर गरजले, "आपल्या सोसायटीची भावी इंजिनिअर, नबीला!" नबीला जागची हलली नाही. उठले ते कासिमभाई.

"खोटं आहे हे!" त्यांचा आवाज चिरकला. "मी खोटं बोललो. माझी मुलगी फिजिक्स शिकते, आणि कॉलेजात दुसरी आली. तिचे सर आनंदाची बातमी घेऊन आले, तर मी त्यांना दारातून हाकललं. मला तिची लाज वाटली. लाज माझीच वाटायला हवी होती!"

टाळी एकही वाजली नाही. रावसाहेब हातातल्या नारळाकडे बघत राहिले.

जिन्यात नबीलाने हळूच विचारलं, "अब्बा, आता कुणी विचारलं तर मी खरं सांगू?"

कासिमभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या संध्याकाळी माळ्यावरची पुस्तकं खाली आली. पुण्याची जागा मात्र परत आली नाही.

बंधुभगिनींनो, मुलांनी काय शिकावं यावर खुशाल बोला, वाद घाला. पण आपल्या आवडीचं शिकतो हे सांगायला ज्या घरात मुलांना परवानगी मागावी लागते, ते घर आपलं नसावं, एवढी काळजी घ्या.