सेमाडोहासाठी साखळी प्रार्थना

आमच्या पप्पांना देवाकडे मोघम मागता येत नाही. चाळीस वर्षं कंपाउंडरकी केली. चिठ्ठीवर औषध, मात्रा आणि वेळ स्पष्ट नसेल तर पुडी बांधायची नाही, ही सवय त्यांच्या प्रार्थनेतही उतरली आहे. "हे प्रभू, दामिनीची फाइल अमरावतीच्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळच्या टेबलावर हाय," असं ते डोळे मिटून सांगतात. देवाला पत्ता सापडायचा नाही, अशी त्यांना खरीच काळजी असावी.

फाइल माझी. मी दामिनी, स्टाफ नर्स, वय एकोणतीस. माझी नेमणूक सेमाडोहला झाली होती आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. मेळघाटातलं जंगल, अकोल्याहून जायला अर्धा दिवस. पप्पांनी ऑर्डर वाचली आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं. आई गेली त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच.

"वाघ हायेत तिथं," पप्पा म्हणाले.

"वाघ दवाखान्यात येऊन नाव नोंदवत नाहीत, पप्पा."

"वाघाचं सोड. तिथं फोन लागत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुंदराबाईंना गाठलं. आमच्या चर्चच्या मंडळीत उपदेश पाळकसाहेब करतात, पण प्रार्थनेचा सगळा कारभार सुंदराबाईंच्या हातात. तासाभरात त्यांनी साखळी प्रार्थना लावली. तीन दिवस, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, प्रत्येक घरानं एकेक तास धरायचा. मागणी एकच, दामिनीची नेमणूक बदलून अकोल्याला व्हावी. अकरा ते बाराचा तास कोणी घेईना, कारण ती स्वयंपाकाची वेळ. तो त्यांनी माझ्या गळ्यात मारला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. पसंतीच्या अर्जात पहिलं नाव सेमाडोह मीच लिहिलं होतं.

मला एकदा तरी स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या मर्जीनं उठायचं होतं. पप्पांच्या गोळ्या, पप्पांची भाकर, पप्पांचं गरम पाणी, यातून जरा बाहेर पडायचं होतं. गोरगरिबांची सेवा वगैरे मोठी कारणंही होती, पण ती मी मुलाखतीत वापरून टाकली होती. खरं कारण देवाला माहीत होतं, आणि त्यालाही मी तोंडानं सांगितलं नव्हतं.

तर अर्धी मंडळी देवाकडे एक मागत होती आणि रोज अकरा वाजता मी गुडघे टेकून गप्प बसत होते. अकोला मागावं तर मनाविरुद्ध, सेमाडोह मागावं तर पप्पांशी दगा. शेवटी "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणून उठायची. हे वाक्य फार सोयीचं आहे बरं का. आपल्याला काय हवंय ते न सांगता सुटका होते.

शुक्रवारी संध्याकाळी साखळी संपली ती आमच्याच घरी. चटया टाकल्या, पंधरा-वीस माणसं बसली. रीत अशी की ज्याच्यासाठी साखळी, त्यानं शेवटची प्रार्थना मोठ्यानं करायची आणि बाकीच्यांनी वाक्यागणिक "आमेन" म्हणायचं.

"हे स्वर्गीय पित्या, तुझे आभार मानते."

"आमेन."

"या सगळ्यांनी माझ्यासाठी वेळ दिला."

"आमेन." पप्पांचा आवाज सगळ्यांत मोठा.

आता फक्त अकोला म्हणायचं राहिलं होतं. खोटं बोलायला मी काही घाबरत नाही. इंजेक्शन देताना "दुखणार नाही" असं आजवर रोज वीस जणांना सांगत आले. पण डोळे मिटून ते जमेना.

"सेमाडोह मीच मागितलं होतं, प्रभू. मला जायचंय. पप्पांना सांगायची भीती वाटली, म्हणून या लोकांना तीन दिवस फुकट गुडघ्यांवर बसवलं."

कुणीच आमेन म्हणेना. मी हळूच एक डोळा उघडला, तर सुंदराबाईंचाही एक उघडा होता.

"खुशालराव, आता आमेन म्हनावं का नाही?" त्यांनी पप्पांना विचारलं.

"थांबा जरासक," पप्पा म्हणाले. त्यांनी दोनदा घसा खाकरला.

"प्रभू, मी वाघाचं नाव घेतलं. फोनचं नाव घेतलं. पोरीची काळजी म्हनून साऱ्या मंडळीले कामाले लावलं. तिच्यासाठी काईच नव्हतं त्याच्यात. मले एकट्याले जेवाचं भेव लागते. तिची माय गेली तवापासून लागते. हे मी तुले कधी सांगतलं नाही, अन् तिलेही नाही."

तीन वर्षं मी मनातल्या मनात धुसफुसत होते की या माणसाला फक्त वेळेवर ताट हवं असतं. मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, ओढणीला नाक पुसत, मी हमसून हमसून रडले. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला.

पप्पांनी डोळे उघडले नाहीत.

"तिले जाऊ दे, असं माह्या तोंडून आज निघून नाही राहिलं, प्रभू," ते म्हणाले. "तुह्यापाशी खोटं कायले म्हनू? सोमवारले वेळ हाय अजून. तवापर्यंत मले म्हनता येऊ दे."