मास्तरांचा होकार आणि मी

चूक मास्तरांची होती. वयाचा मान वगैरे नंतर बघू.

मी एक पट्टी. ग्रुपवर कुणी उत्तर दिलं की त्याच्या डोक्यावर बसून ते कुठल्या मेसेजला आहे, हे दाखवणारी. बोटभर जागा, राखाडी रंग. मला नीट वाचत कुणी नाही, विसंबतात मात्र सगळे.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानाच्या ग्रुपवर झाला. ग्रुपवर तिघंच. मालकीणबाई, कापडं बेतणारी ताई, आणि कात्री सोडून आता नुसता हुकूम चालवणारे मास्तर. त्यांनी हो म्हटल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा दुकानाचा नियम.

त्या सकाळी ताईने दोन फोटो टाकले. आधी एका गिऱ्हाईकबाईच्या वारलेल्या वडिलांचा लोकरी कोट. “मुलाच्या मापाचा करायचाय म्हणत होत्या. कापू का?” मग पडद्याचं कापड. “हे कापू का?”

एका हातात चहा, दुसऱ्यात मोबाईल. मास्तरांना उत्तर द्यायचं होतं पडद्याला, अंगठा सरकला कोटावर. “हो, काप.” त्या उत्तरावर कोटाचा फोटो घेऊन माझी थोरली बहीण बसली. ताईने फोटो दोनदा पाहिला. मग मास्तरांच्याच उत्तराला धरून लिहिलं, “बरं, कापते.” त्यावर मी जन्मले. माझ्या पोटात दोनच शब्द : हो, काप.

दुपारी गिऱ्हाईकबाई आली. टेबलावर बाह्या वेगळ्या पडलेल्या.

“कापू नका म्हणून काल सांगितलं होतं ना मास्तरांना!” एवढंच बोलली. बाह्या उचलून छातीशी धरल्या आणि गेली.

मास्तरांनी पाठ फिरवली आणि आपलं उत्तर सगळ्यांच्या मोबाईलमधून पुसून टाकलं. बहीण गेली.

“मी पडद्याला हो म्हटलं. डोळे फुटले होते का गं तुझे?”

“मास्तर, तुम्ही कोटावरच लिहिलंत. पुसलंत कशाला?”

“बोट लागलं.”

“आवाज खाली,” मालकीणबाई म्हणाल्या. “त्यांचं वय बघ जरा. काय पुरावा आहे तुझ्याकडे?”

ताईने मला पुढे केलं. बाईंनी चष्मा लावला. “हो, काप. पण कशाला? यात कुठे दिसतंय?”

नव्हतं दिसत. माझ्या पोटात एकच मेसेज मावतो, त्याच्या मागचा नाही. कशाबद्दल बोलणं चाललंय ते सांगायला माझा जन्म, आणि नेमकं तेव्हाच माझ्याकडे सांगायला काही नाही. ताई माझ्याकडे बघत होती. मला तोंड असतं तर लपवलं असतं.

अजून मी तिच्या मोबाईलमध्ये आहे. कधी ती माझ्यावर बोट ठेवते. मी तिला मागे नेते, तर तिथे ‘हा मेसेज डिलीट केला आहे’.

मोठ्यांनो, अंगठा कुणाचाही घसरतो. घसरला तर पुसू नका, चुकलो म्हणा. मेला नसता त्याने कुणी.

ताईची सतरा वर्षांची नोकरी गेली.