हिरव्या चादरीची घडी

“सुती म्हणजे काहीही न्यायचं नाही!” टकळीने पलंगावर उभं राहून जाहीर केलं, आणि आईने निगुतीने घडी घालून ठेवलेला बनियन शेपटीला धरलेल्या उंदरासारखा दोन बोटांत उचलून कोपऱ्यात भिरकावला.

आईच्या, म्हणजे घडीताईंच्या, ते जिव्हारी लागलं. इस्पितळाच्या धुलाईखात्यात त्यांचं अख्खं आयुष्य सुती कपड्यांत गेलं होतं. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, ऑपरेशनच्या खोलीतली हिरवी कापडं. त्यांच्या हातची घडी अशी काटकोनात बसायची, की ती मोडताना नर्ससुद्धा क्षणभर थबकायच्या. म्हणून तर सगळं इस्पितळ त्यांना घडीताई म्हणायचं.

“अगं, सुतीसारखं अंगाला दुसरं सुख आहे का?”

“घरी आहे ना सुख! डोंगरावर घाम येतो, सुती भिजतं, आणि भिजलं की वाळायचं नाव घेत नाही. मग थंडीने माणूस काकडतो. लोकर, आई. फक्त लोकर.”

“ऐकलंत?” घडीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “जन्मभर जिच्या जिवावर पोट भरलं, तीच वैरीण निघाली.”

शहराची बस चालवणारे टकळीचे बाबा खाली मान घालून मोज्यात बोट घालून बघत होते. बोट पलीकडून बाहेर आलं.

“भोकाचे मोजे बाद!” टकळी ओरडली.

“मग माझ्याकडे राहिलं काय?”

“उत्साह!”

आणि तो खरंच होता. त्या घरात चार दिवस उत्साह नुसता उतू चालला होता. टकळीच्या पायाला तर भिंगरीच लागली होती. शाळेच्या गिर्यारोहण मंडळात ती वर्षभर मोठ्यांच्या मागे मागे चालली होती. यंदा थंडीतल्या वाटांचं शिक्षण पुरं करून आली, आणि आता आई-बाबांना शिखरावर न्यायची अख्खी मोहीम तिची एकटीची होती. हवामानाचा अंदाज ती सकाळ-संध्याकाळ बघायची. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिने वाटेचा नकाशा चिकटवला होता. बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते बाबांच्या बुटांना बसतात की नाही, हे बघायला तिने त्यांना घरभर चालवलं होतं, आणि खालच्या मजल्यावरचे काका “वर घोडा पाळलाय का?” विचारायला आले होते.

पण खऱ्या हरखल्या होत्या त्या घडीताई. त्या हे कुणाला दाखवत नव्हत्या, एवढंच.

इस्पितळाच्या गच्चीवरून तो डोंगर दिसायचा. उन्हाळ्यात नुसता धूसर, पण थंडीत हवा धुतल्यासारखी स्वच्छ झाली की शिखरावरचा लोखंडी कठडासुद्धा ओळखू यायचा. किती हिवाळे घडीताईंनी दांडीवर चादर टाकता टाकता तिकडे पाहिलं होतं! वाट सगळ्यांसाठी खुली, खालपर्यंत बस जाते, लोक पोराबाळांना घेऊन जाऊन येतात. पण थंडीत आजारी माणसं वाढतात, माणसं वाढली की चादरी वाढतात. सुट्टी मागायची सोय नव्हती. यंदा मोठ्या मशीनवरच्या आक्काने आपणहून पाळी बदलून दिली.

“जा बाई एकदाची. रोज तोंड वर करून बघतेस, मान वाकडी होईल.”

“पोचेन ना गं मी?”

“ते तू सांगशील आणि मी ऐकेन होय? खालच्या टपरीवर चहा पिऊन येशील नि म्हणशील, शिखर पाहिलं!” आक्काने बाद झालेल्या सामानातून एक लाल ब्लँकेट ओढून काढलं. “हे वरच्या कठड्याला बांध. मी इथे गच्चीवर हिरवी चादर लावते. तुला माझी दिसली, मला तुझी दिसली, की झालं. आणि तू खाली उतरून घरी आलीस असं स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत मी हिरवी काढायची नाही. तुझ्या लेकीने बजावलंय मला, घरी वाट बघणारं एक माणूस लागतंच म्हणून.”

टकळीने बजावलेलं बरंच होतं. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यांच्या पुढे. तहान नसली तरी पाणी प्यायचं. आणि सगळ्यात मोठा नियम: तिघांतल्या कुणीही एकाने ‘परत’ म्हटलं, की परत. वाद नाही, विनवण्या नाहीत. का, ते विचारायचं खाली गेल्यावर.

आता घोडं अडलं ते जाकिटांशी. मंडळाकडून मागून आणलेली तीन वॉटरप्रूफ जाकिटं टकळीने खुंटीला लावली, आणि घडीताईंच्या नाकाने बंड पुकारलं. चिखल, धूर, कुणाकुणाचा जुना घाम. असली जाकिटं घालून आपली माणसं शिखरावर जाणार? पोरीची पहिली मोहीम, आणि तीही कळकट? टकळी शाळेत गेल्यावर त्यांनी तिन्ही उचलली, पिशवीत घातली आणि कामावर नेली. मोठं मशीन, उकळतं पाणी, रक्ताचे डागसुद्धा न सोडणारा इस्पितळाचा साबण. वरून गरम प्रेस. संध्याकाळी जाकिटं खुंटीवर परत आली तेव्हा नवीकोरी दिसत होती.

“वा, आई! चमकतायत की!” टकळी म्हणाली, आणि नकाशाकडे पळाली.

निघायच्या दिवशी आभाळ निळंशार होतं. भुरभुर झालीच तर दुपारनंतर, असा अंदाज. वाटेच्या तोंडाशी चौकी होती. चौकीदाराने तिघांचे बूट पाहिले, परतायची वेळ विचारली, टकळीने ती अशी ठणकावून सांगितली की त्याने सलामच ठोकला.

“पुढे कोण?” बाबांनी विचारलं.

“सगळ्यात हळू कोण?” टकळी हसली.

आणि घडीताई पुढे झाल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या पुढे कुणी नव्हतं! बुटांचे दाते बर्फात करकर रुतत होते, झाडांच्या खोडांवरच्या पिवळ्या खुणा एकामागून एक हाका मारत होत्या, नाकातून वाफ निघत होती. “मी इंजिन दिसतेय का गं?” त्यांनी मागे वळून विचारलं. “मालगाडीचं!” बाबा म्हणाले, आणि घडीताईंनी खाली वाकून बर्फाचा गोळा असा नेमका मारला की बाबांची टोपी उडाली. टकळी बघतच राहिली. आपल्या आईला नेम धरता येतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

झाडी विरळ झाली. वळणावरून शिखर दिसलं, कठड्यासकट. घडीताईंनी पाठीवरच्या पिशवीतलं ब्लँकेट चाचपून पाहिलं.

भुरभुर मात्र दुपारची वाट न बघता आली. कोरडा बर्फ नाही, ओला, चिकट, थेंबाथेंबाने विरघळणारा. टकळीने वर पाहिलं, घड्याळ पाहिलं, नकाशा पाहिला.

“वाट दिसतेय. वारा नाही. आणि जाकिटं आहेत की!” ती म्हणाली. “थोडं पुढे जाऊन बघू.”

थोडं पुढे गेल्यावर घडीताईंना खांद्यापाशी गार लागलं. मग पाठीवर. घाम असेल, त्या मनाशी म्हणाल्या. पण कापड भिजण्याचं शास्त्र त्यांना कुणी शिकवायचं? बाहीवर पडलेला थेंब घरंगळून जात नव्हता, आत शिरत होता. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. पाणी. उकळत्या पाण्याने आणि त्या साबणाने मळाबरोबर जाकिटाचा पाणी अडवण्याचा गुणही धुऊन टाकला होता. ते गरम प्रेस फिरवणारे हात त्यांचेच होते.

त्या बोलल्या नाहीत. कठडा आता एवढा जवळ होता की त्याचे गज मोजता आले असते. पोचायचं, ब्लँकेट बांधायचं, वळायचं. तेवढं अंग सोसेल. आपलंच तर अंग. त्यांनी दात आवळले, कारण ते वाजायला लागले होते.

“पाणी प्या सगळे!” टकळी म्हणाली. आवाज तसाच, रुबाबाचा. घडीताई वळल्या. लेकीचे दोन्ही खांदे भिजून काळपट झाले होते. ती बाटलीचं झाकण उघडू बघत होती आणि बोटं झाकणावरून नुसती घसरत होती. एकदा, परत एकदा. तिने बाटली काखेत दाबली, जणू तिला तहानच नव्हती, आणि आईकडे बघून मोठ्ठं हसली.

“चल ना, इंजिन! आलंच की!”

घडीताईंनी शिखराकडे पाहिलं. एकदाच, पण पुरेपूर.

“परत,” त्या म्हणाल्या.

“आई, अगं हा काय तो...”

“परत म्हटलं ना.”

बाबांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि लेकीच्या काखेतली बाटली काढून घेतली. टकळीने कठड्याकडे बोट केलं. पण नियम तिचाच होता. ती वळली.

झाडीच्या आडोशाला बाबांनी लेकीला पिशवीतला आपला कोरडा लोकरी सदरा चढवला आणि घडीताईंनी लाल ब्लँकेट तिच्याभोवती गुंडाळून वर गाठ मारली. चौकीत शेगडी पेटलेली होती. चौकीदाराने न विचारताच चहा ठेवला. गरम पेला हातात आला तशी टकळीची बोटं लाल झाली, मग दुखायला लागली, मग वळायला लागली.

“आता विचार,” घडीताई म्हणाल्या. “का ते.”

टकळीने पेल्यातून वर पाहिलं नाही.

“जाकिटं मी मोठ्या मशीनला लावली होती गं. घाण होती म्हणून.”

“माहितीये.”

“काय?”

“बाहीवर इस्त्रीची घडी होती, आई! जाकिटाला कुणी अशी घडी पाडतं का? वर बर्फ आत मुरायला लागला तेव्हा टाळक्यात प्रकाश पडला.”

“मग बोलली का नाहीस, कार्टे?”

“तुला पोचवायचं होतं म्हणून!” टकळी म्हणाली, आणि रडता रडता एकदम हसायलाच लागली. “तू कुठे बोललीस?”

“दोघी एकाच माळेचे मणी,” बाबा चौकीदाराला म्हणाले. “मी मधे नुसता दोरा.”

बस शहरात शिरेपर्यंत सगळी वाट टकळीचं तोंड चालू होतं: धुतलेल्या जाकिटांवर परत लेप चढवता येतो, शाळा सुटल्यावर ती स्वतः चढवणार, पुढच्या स्वच्छ दिवशी पुन्हा, आईच पुढे. घडीताई हो हो म्हणत होत्या. इस्पितळ आलं तशा त्या खिडकीतून डोकावल्या. शिखर ढगात होतं. कुणाला काही दिसलं नसणार.

गच्चीवर हिरवी चादर होती.

त्या उतरल्याच. जिने चढून वर गेल्या. आक्का पाळी संपवून, डोक्याला मफलर गुंडाळून दाराशी स्टुलावर बसली होती.

“आलीस?”

“आले. पोचले नाही.”

“आलीस ना,” आक्का म्हणाली, आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली. “काढ आता ती तूच. माझी बोटं गारठून गेली.”

चादर गोठून फळी झाली होती. घडीताईंनी टोकं जुळवायला घेतली, पण ती वाकेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात घडी न होणारी चादर आली होती. मग त्यांनी ती तशीच उभी, दोन्ही हातांनी, दारातून तिरकी करत खाली नेली, आणि बॉयलरपाशी भिंतीला टेकवली.

मागोमाग आलेली टकळी दारात उभी राहून बघत होती. ऊब लागली तशी चादर वरून हळूहळू मऊ पडत गेली, आणि घडीताई हात पुढे करून, तिचं पहिलं टोक वाकायची वाट बघत उभ्या राहिल्या.