दार-एस-सलामची बस

"तर मग बस. सगळ्यांचं एकमत." जयेशने लॅपटॉप टेबलाच्या मध्यभागी फिरवला. "दार-एस-सलामला उतरायचं, दोन दिवस राहायचं, मग बसनं अरुशा. सकाळी निघालो की संध्याकाळी पोचलो. शिरीष म्हणायचा अगदी तस्सं."

सुनेत्राचा भेळेचा चमचा वाटीतच राहिला.

"एकमत कधी झालं? मला कुणी विचारल्याचं आठवत नाही."

"अगं, तुलाच बरं वाटावं म्हणून..." संपदा बोलता बोलता थांबली आणि उगाचच शेवेचा डबा पुढे सरकवला.

नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या या तीन जोडप्यांची टांझानियाची सहल गेली दहाएक वर्षं अजित-संपदाच्या जेवणाच्या टेबलावरून पुढे सरकली नव्हती. दर हिवाळ्यात बाहेर अंधारून आलं की टांझानिया निघायचा, आणि तिथे फिरायचं कसं यावरून बारगळायचा. सिंह-हत्ती पाहायला जीप आणि झांझिबारला बोट, इथवर सगळे गुण्यागोविंदाने असत. घोडं अडायचं ते दार-एस-सलाम ते अरुशा या मधल्या लांबच्या अंतरापाशी. शिरीष, जयेश आणि जयेशची बायको संहिता हे बसवाले. शिरीषची बायको सुनेत्रा आणि हे यजमान जोडपं छोट्या विमानाच्या बाजूचं. तीन विरुद्ध तीन, त्यामुळे काटा कधी हलायचाच नाही.

शिरीषला कुठलाही देश रस्त्यावरून बघायचा असे. "विमानातून काय दिसणार? ढग. ते इथे वर्षभर आहेतच," तो म्हणायचा. टांझानियात रिक्षाला 'बजाजी' म्हणतात हे कळल्यापासून तर तो पुतण्या बोर्डात आल्यासारखा मिरवत होता. "आपल्या आकुर्डीच्या बजाजच्या नावानं ओळखतात तिथे रिक्षा! मी बजाजीत बसणारच."

"पुण्यात रिक्षावाल्यांशी भांडण्यात निम्मा जन्म गेला, तेवढं पुरलं नाही वाटतं?" सुनेत्रा विचारायची.

तिचा स्वतःचा मुद्दा साधा होता. तिला बस लागायची. लहानपणी खंबाटकीचा घाट आला की आई न विचारता पिशवी पुढे करत असे, आणि पन्नाशी उलटली तरी त्यात फरक पडला नव्हता. लायडनच्या प्रयोगशाळेत ती रोज ट्रेनने जायची, पण स्टेशनपर्यंतची बस टाळण्यासाठी धो धो पावसातही सायकल हाणायची. त्यामुळे वाद कितीही रंगला तरी तिचा शेवटचा हुकमी प्रश्न एकच असे.

"आणि मला बस लागली तर?"

"तर खिडकी तुझी," शिरीष सांगायचा, एखादं संस्थान तिच्या नावावर करून द्यावं अशा थाटात. मग सगळे हसायचे आणि टांझानिया पुढच्या हिवाळ्यावर जायचा.

गेल्या फेब्रुवारीत शिरीष ऑफिसातल्या मीटिंगमध्ये बोलता बोलता खाली कोसळला आणि गेला. तेव्हापासून या मंडळींनी सुनेत्राला फुलासारखं जपलं होतं. खरं म्हणजे आता विमानवाल्यांकडे सरळ एक मत जास्त होतं. पण अजित आणि संपदाने तिला न सांगताच बाजू बदलली होती, कारण ती गेलेल्या मित्राची इच्छा होती.

"मी विमानवाली आहे," सुनेत्रा म्हणाली. "अजूनही."

"हो हो, मग विमान! त्यात काय एवढं," जयेश लगबगीने लॅपटॉप स्वतःकडे ओढत म्हणाला. संपदाने मान डोलावली. संहितानेही डोलावली, आणि ती तर पहिल्यापासूनची बसवाली.

सुनेत्राने वाटी खाली ठेवली.

"हेच," ती म्हणाली. "नेमकं हेच. तो गेला म्हणून तुम्ही त्याचंही ऐकणार आणि माझंही ऐकणार. दोघांचं एकदम कसं ऐकता येईल? आमचं दोघांचं आयुष्यात कधी जमलं नाही! वर्ष झालं, मला कुणी 'नाही' म्हटलेलं नाही. परवा कढीत मीठ घालायला विसरले, तर तुम्ही वाट्या चाटूनपुसून साफ केल्यात."

"जरा अळणी होती," संहिता खालच्या आवाजात म्हणाली.

"मग तेव्हा बोलायचं ना गं!" सुनेत्राचा आवाज चिरकला. डोळ्यांत पाणी आलं ते तिने लपवलं नाही. "घरात सकाळपासून मी म्हणेन तेच होतं. पडदे मी म्हणेन तेव्हा उघडतात, चहा मी म्हणेन तसा होतो. कुणी हूं की चूं करत नाही. फार वाईट असतं ते. निदान इथे तरी भांडा माझ्याशी."

बाहेरून ट्राम घरंगळत गेल्याचा आवाज आला. अजित इतका वेळ भेळेतले दाणे निवडून खात बसला होता. इकडे आल्यापासून शिरीषचा सगळ्यात जवळचा मित्र तोच, आणि बसचा सगळ्यात कट्टर विरोधकही तोच.

"मी नाही बदलणार," तो म्हणाला. "मी बस."

"तू तर कायमचा विमानवाला."

"होतो. तेव्हा बसच्या बाजूनं भांडायला तो होता. आता कुणीतरी पाहिजे की नको?" अजित खुर्ची पुढे ओढून बसला. "मला सांग, त्या विमानात सामान किती नेता येतं? पंधरा किलो. नुसत्या तुझ्या चकल्याच दहा किलो भरतील."

"माझ्या चकल्यांवर जाऊ नकोस. पॅरिसच्या ट्रिपला बेल्जियम यायच्या आत डबा रिकामा कुणी केला होता?"

"विषय बदलू नकोस. बसमधून किलिमांजारो दिसतो."

"ढग नसले तर. आणि दिवसभर त्या बसमध्ये बसायचं? तुझे गुडघे भरपगारी रजेवर जातील."

"माझे गुडघे तुझ्या पोटापेक्षा बरे आहेत."

"अजित!" संपदा दचकून म्हणाली.

"बोलू दे त्याला," सुनेत्राने तिला गप्प केलं. तिचा चेहरा लाल झाला होता. वाटी परत हातात आली होती आणि चमच्याचा रोख अजितकडे धरून ती बोलत होती. जयेशने हळूच लॅपटॉप मिटला. हे लवकर आटपत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

"ते सगळं सोड," सुनेत्रा तावातावाने म्हणाली, "आणि मला बस लागली तर?"

प्रश्न सवयीने निघून गेला होता. उत्तर टेबलावर सगळ्यांनाच पाठ होतं. संपदा टेबलक्लॉथवरचे शेवेचे कण बोटाने गोळा करू लागली.

सुनेत्राने वाटीतली राहिलेली भेळ संपवली. चिंचेचं पाणीसुद्धा चमच्याने निपटून घेतलं.

"तर खिडकी माझी," ती म्हणाली. "लिहून ठेव, जयेश."

जयेशने लॅपटॉप पुन्हा उघडला.