डब्यातली गोगलगाय

सागाच्या खोडावर, ओवीच्या खांद्याइतक्या उंचीवर, एक गोगलगाय चिकटली होती. शंखाचं तोंड तिनं पातळ, पांढऱ्या पापुद्र्यानं बंद करून घेतलं होतं. पावसाळा येईपर्यंत ती अशीच झोपून राहणार.

"आजी, घरी नेऊ हिला?" ओवीनं हात पुढे केला.

"अजिबात नाही," माझा मुलगा ओजस म्हणाला. "लहानपणी मी एक डब्यातून नेली होती. तर तुझ्या आजोबांनी पुढच्या रविवारी सगळ्यांची वरात परत इथे आणली. तिचं झाड सापडेपर्यंत खाऊ बंद!"

मला हसू आलं. तेव्हा आम्ही दर रविवारी बोरिवलीच्या या जंगलात यायचो. माझा नवरा मधुकर पुढे, मुलं मध्ये आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत मी मागे. ते झाड शेवटी ओजसनंच ओळखलं होतं, खोडावरच्या गाठीवरून. केवढा नाचला होता!

मधुकर गेल्यापासून ओजस मला कायमचं पुण्याला बोलावतोय. माझी खोलीसुद्धा तयार आहे. मी दर वेळी "बघू" म्हणते.

"घरी नेली तर मरते का गं?" ओवीनं विचारलं.

"मरत नाही. पण तिथे तिचं झाड नसतं."

ओजस माझ्याकडे बघत राहिला. "आई, तू गोगलगायीबद्दलच बोलतेयस ना?"

"नाही रे," मी म्हटलं. "मी पुण्याला येणार नाही. इथेच राहणार. तूच ओवीला दर महिन्याला घेऊन येत जा."